चाळीवर राखणीला

लासलगावात बेघर माजी सैनिक शोधायला गेलं तर सापडत नाही. स्टेशनच्या फलाटावर नाही, बाजार समितीच्या भिंतीलगत नाही, विंचूर रस्त्याच्या ढाब्यांवरही नाही. फलाटावर रात्री अंग टाकणारे असतात, पण ते बहुतेक खळ्यांवर कांदा निवडायला आणि गोण्या भरायला आलेले मजूर, नाहीतर गाडीतून उतरून पुन्हा न चढलेलं कोणी. अमेरिकेतल्या शहरात पुठ्ठ्याची पाटी धरून बसलेला जुना शिपाई दिसतो, तसा इथे दिसणार नाही. संपादकांनी यंदाच्या अंकाला ‘छप्पर’ हा विषय दिला होता. फौजेतून परतलेल्या माणसाच्या छपराचं काय होतं, ते बघायला मी इथे आले होते.

एका बँकेच्या दारात बंदूक घेऊन उभ्या असलेल्या मेजरांनी माझी दिशा बदलली. फौजेतून आलेल्या प्रत्येकाला इकडे मेजरच म्हणतात, मग तो शिपाई म्हणून सुटलेला असो की सुभेदार म्हणून. हे हवालदार. तोफखान्यात होते, आता दिवसभर बँकेच्या दाराशी असतात. त्यांचं म्हणणं एवढंच, की फलाट कशाला बघता, चाळी बघा.

कांदाचाळ म्हणजे काय ते नाशिक जिल्ह्याबाहेरच्या वाचकासाठी सांगते. उन्हाळ कांदा मार्च-एप्रिलमध्ये निघतो आणि भाव चढेपर्यंत, म्हणजे कधी दिवाळीपर्यंतही, साठवून ठेवावा लागतो. त्यासाठी शेतात लांबट शेड उभी करतात. तळ जमिनीपासून उचललेला, म्हणजे खालून वारा शिरेल. बाजूंना बांबूच्या, लाकडाच्या नाहीतर लोखंडी पट्ट्या, मध्ये फटी. वर पत्रा. आत कांदा, बाहेर वाट बघणारा शेतकरी. चाळ घरापासून लांब असते आणि माल चोरीला जाण्याची धास्ती असतेच, म्हणून तिथे रात्री कोणीतरी झोपतं. खाट, गोधडी, बॅटरी, एखादं कुत्रं.

त्या खाटेवर कोण, हा मेजरांचा प्रश्न. पिऊन घरात राडा करणारा, पोरांसमोर नको असलेला, भावाशी बोलणं तुटलेला, रात्री ओरडत उठणारा फौजी भाऊ त्या खाटेवर जातो. पहिल्या वर्षी राखण म्हणूनच जातो. दिवाळीनंतर चाळ रिकामी होते, तरी तो तिथेच. कोणी चौकशी केली तर घरचे सांगतात, ‘चाळीवर राखणीला असतो.’ सांगण्यात खोटं काही नाही, लाजही वाटत नाही. जेवणाचा डबा वेळेवर पोचतो. रेशनकार्डावर नाव असतं, पेन्शन खात्यात येते. फौजेतून आलेल्याची घरपट्टी ग्रामपंचायत माफ करते, तीही माफ झालेली असते. कागदावर हा माणूस कोणत्याही बाजूने बेघर नाही.

सातबाऱ्यावरचा पाहुणा

हे घडतं कसं, ते शेतीच्या गावात समजून घ्यावं लागतं. शिपाई अठरा-वीसचा असताना भरती झालेला असतो आणि पंधरा-सतरा वर्षं काढून पस्तिशी-चाळिशीत परततो. इतर सरकारी नोकर त्या वयात बढतीची वाट बघत असतो. याची निवृत्तीची पार्टीही होऊन गेलेली असते. दरम्यान गावातली जमीन भावाने कसलेली असते. विहीर त्याने खोल केली, ठिबक त्याने बसवलं, द्राक्षबागेचं कर्ज त्याच्या डोक्यावर आहे. सातबाऱ्यावर दोघांची नावं, पण कोणत्या वाफ्याला पाणी कधी द्यायचं ते एकालाच माहीत. वर्षातून दोनदा सुट्टीला येणारा, येताना पेटी भरून सामान आणणारा भाऊ सगळ्यांना हवा होता. कायमचा आलेला भाऊ हिस्सेदार असतो.

बायकोचं तर वेगळंच. मेजरांच्या घरी चहा घेताना त्यांच्या पत्नी बोलत्या झाल्या, आणि मला वाटतं या विषयातलं सगळ्यात खरं बोलणं त्यांचंच होतं. पंधरा वर्षं त्यांनी घर एकटीने चालवलं होतं. सासूचं ऑपरेशन, मुलीची शाळा, दूध डेअरीचा हिशेब, भाऊबंदकीतली बोलणी, सगळं. नवरा कायमचा परत आल्यावर त्यांना आनंद झाला आणि तिसऱ्या आठवड्यात कळेना, की घरात आता हुकूम कोणाचा. पहाटे पाचला तो सगळ्यांना उठवायचा. चपला रांगेत नसल्या तर चिडायचा. मुलगी त्याला घाबरून ‘तुम्ही’ म्हणायची, तेही त्याला खटकायचं. हे घर सावरलं, पण सगळी सावरत नाहीत हे त्याच म्हणाल्या, आणि शेजारच्या वस्तीचं नाव घेऊन गप्प झाल्या.

त्यात कोटा. माजी सैनिकाला कॅन्टीनच्या कार्डावर दर महिन्याला ठरलेल्या बाटल्या मिळतात, बाजारापेक्षा बऱ्याच स्वस्त. थंड चौकीवर रम म्हणजे सगळ्यांबरोबर, मोजून घेतलेला पेला असतो. तीच रम लासलगावच्या उन्हाळ्यात एकट्याने, न मोजता प्यायली, की ती दुसरीच वस्तू होते. कोट्यातल्या बाटल्या गावात विकणारे आहेत, पाहुण्यांना देणारे आहेत. न देणारेही आहेत, आणि त्यांची गाठ पुढे चाळीशी पडते.

आणखी एक गोष्ट बाहेरच्यांना माहीत नसते. फौजेत तब्येतीची प्रतवारी असते, तिला ‘शेप’ म्हणतात. पाच इंग्रजी अक्षरं: पहिलं मनाचं, मग कान, हातपाय, एकूण शरीर आणि डोळे. पैकी एकाही अक्षराची प्रत घसरली की माणूस ‘लो मेडिकल’ होतो आणि बढतीवर, पोस्टिंगवर त्याची सावली पडते. गुडघा दुखतो हे सांगता येतं. झोप लागत नाही, फटाक्याने अंग थरथरतं, हे सांगितलं तर पहिलं अक्षर हलतं. पंधरा वर्षं हे न सांगण्याची सवय लागलेला माणूस गावी येऊन एकदम बायकोला सांगेल, ही अपेक्षाच चुकीची आहे.

त्याच रुळावर, देवळालीला

लासलगावहून सकाळची पंचवटी पकडली की निफाड, मग नाशिकरोड, पुढे देवळाली. नाशिकरोडला तोफखान्याचं प्रशिक्षण केंद्र, देवळालीला तोफखान्याची शाळा. या जिल्ह्याला फौज नवी नाही, आणि फौजेतून सुटलेल्या माणसाची परवडही नवी नाही. देवळालीची छावणी इंग्रजांनी 1861 मध्ये वसवली. मुदत संपलेले गोरे शिपाई हिंदुस्थानभरातून इथे गोळा व्हायचे आणि मुंबईहून जहाज मिळायची वाट बघायचे. जहाजं सुटायची ती साधारण ऑक्टोबर ते मार्च एवढ्याच मोसमात. ज्याची मुदत एप्रिलमध्ये संपली, तो पुढचे कित्येक महिने देवळालीच्या उन्हात आणि पावसात बसून. बंदूक जमा केलेली, कवायत नाही, पहारा नाही, हुकूम द्यायला कोणी नाही. माणसं पिऊ लागली, मारामाऱ्या करून कोठडीत जाऊ लागली, काहींची डोकी फिरली. त्या काळात हिंदुस्थानात शिपाई असलेल्या फ्रँक रिचर्ड्सने 1936 मध्ये छापलेल्या आठवणींत देवळालीचे ते दिवस लिहून ठेवले आहेत.

मला यात महत्त्वाची वाटते ती एक बाब. या शिपायांचं जे काही बिघडलं, ते सगळं लढाईत बिघडलेलं नव्हतं. लढाई संपली होती आणि घर आलं नव्हतं, त्या मधल्या रिकाम्या जागेत ते बिघडलं. छप्पर होतं, भाकरी होती, मलेरियाच्या मोसमात दवाखानाही होता. पण पलटण सुटलेली. चाळीवरच्या खाटेला मी देवळालीच्या त्या बराकीची धाकटी बहीण समजते.

सहा आठवड्यांचा प्रयोग

मग अशा माणसाला सावरायचं कसं? गट करून मनावर उपचार करायची पद्धत जगभर रुळली आहे, आणि तिची एक मोठी मुळी थेट फौजेतच सापडते. विल्फ्रेड बिऑन हा मानसोपचारतज्ज्ञ जन्मला आपल्या मथुरेत, 1897 मध्ये. पहिल्या महायुद्धात तो रणगाड्यावर होता. दुसऱ्या महायुद्धात, 1942-43 च्या हिवाळ्यात, त्याला बर्मिंगहॅमजवळच्या नॉर्थफील्ड लष्करी रुग्णालयातला एक विभाग सोपवला गेला. मनाने कोलमडलेले शिपाई तिथे होते आणि विभागाची अवस्था अशी, की खोल्या घाण, माणसं दिवसभर लोळत, आणि जो तो बिऑनकडे दुसऱ्याची तक्रार घेऊन येतो.

बिऑनने कोणाला शिक्षा केली नाही. प्रत्येकाने कुठल्या तरी गटात असलंच पाहिजे, एवढा नियम केला: सुतारकाम, नकाशे, काहीही. नको असेल त्याने विश्रांतीच्या खोलीत पडून राहायचं. रोज दुपारी बारा वाजून दहा मिनिटांनी सगळ्यांची अर्धा तास परेड. परेडमध्ये हुकूम सुटायचा नाही. विभागात काय चाललंय ते सगळ्यांनी मिळून बघायचं. बहुतेक जण कामचुकार आहेत अशी तक्रार आली तेव्हा त्याने ती तशीच सगळ्यांपुढे ठेवली, आणि काय करायचं ते तुम्हीच ठरवा म्हणाला. काही आठवड्यांत खोल्या स्वच्छ झाल्या आणि माणसं एकमेकांचं ऐकू लागली. वरिष्ठांना हा ढिलेपणा सहन झाला नाही आणि सहा आठवड्यांत प्रयोग गुंडाळला गेला. पण नॉर्थफील्डलाच पुढे इतरांनी तो धागा उचलला, आणि युद्ध संपल्यावर मॅक्सवेल जोन्स याने परतलेल्या युद्धकैद्यांसाठी एकत्र राहण्याचे असेच विभाग चालवले.

बिऑनला जे कळलं ते कोणत्याही नाईकाला माहीत असतं. फौजेत माणूस एकटा कधीच नसतो. सेक्शन असतं, बराक असते, लंगर असतो, बडा खाना असतो. त्याला धीर येतो तो शेजारच्या खाटेवरच्या माणसामुळे. मग तो मोडला तर दुरुस्तीला त्याला एका खोलीत एका डॉक्टरसमोर एकट्यालाच का बसवायचं?

अमेरिकेत हेच पुन्हा शोधावं लागलं. व्हिएतनामहून परतलेली पोरं सरकारी दवाखान्यात जायला तयार नव्हती, म्हणून 1970 च्या अखेरीस न्यूयॉर्कमध्ये रॉबर्ट लिफ्टन आणि हाइम शातान या डॉक्टरांना त्यांनी आपल्यात बोलावलं, गप्पांच्या गटात, सगळे एका पातळीवर. त्या बोलण्यांतून पुढे दोन गोष्टी निघाल्या: 1979 पासून सरकारने गावोगावी काढलेली सैनिकांची बिनदवाखान्याची केंद्रं, आणि 1980 मध्ये मानसोपचाराच्या ग्रंथात नोंदला गेलेला आघातोत्तर ताणाचा आजार.

कुलपाची किल्ली आधी

पण गट भरतो तासभर. उरलेले तेवीस तास माणूस कुठे असतो? इथे अमेरिकेचा दुसरा धडा येतो. आधी रीत अशी होती, की व्यसन सोड, गटाला नियमित ये, चांगला वाग, मग पायरीपायरीने घर मिळेल. बहुतेक जण मधल्याच पायरीवरून घसरायचे. न्यूयॉर्कमध्ये 1992 साली सॅम त्सेम्बेरिस याने उलट सुरुवात केली: घराची किल्ली आधी द्यायची, अट न घालता, आणि मदत करणारी माणसं मागून त्या घरी पाठवायची. सैनिकांसाठी तिकडच्या दोन खात्यांनी मिळून भाड्याची कुपनं आणि सोबत समाजसेवक अशी योजना केली आणि 2008 पासून ती जोरात वाढवली. तिकडे जानेवारीतल्या एका रात्री बेघरांची मोजणी होते. 2010 मध्ये बेघर माजी सैनिक 74 हजारांच्या वर भरले होते. 2024 मध्ये 32,882. आकडा अजून मोठाच आहे, पण निम्म्याहून खाली आला तो मुख्यतः किल्ल्यांमुळे.

या घरांतले गट कसे चालतात, त्याबद्दल एक बारीक गोष्ट सांगण्यासारखी आहे. आघात आणि व्यसन दोन्ही असलेल्यांसाठी लिसा नाजाविट्स हिने बांधलेली एक पद्धत खूप वापरली जाते. तिच्यात पंचवीस विषय आहेत आणि त्यांतला एकही ‘युद्धात काय झालं ते सांग’ असा नाही. आज रात्री सुरक्षित कसं राहायचं, मदत कशी मागायची, राग आला की पहिली पाच मिनिटं काय करायचं, पैसे कसे सांभाळायचे, असे साधे विषय. जखम उघडायची घाई नाही. मराठी मालिकांमुळे आपली समजूत अशी झाली आहे, की गटात बसलं की माणूस ढसाढसा रडतो आणि मोकळा होतो. अनुभवी समुपदेशक अशा रडण्याला जरा घाबरून असतात, कारण त्यानंतर तो माणूस खोलीवर एकटा जातो.

गोल बसायचं

आपल्याकडे गट नाहीत असं नाही. उलट, ते आहेत हे आपल्यालाच माहीत नसतं. अमेरिकेत 1935 मध्ये सुरू झालेली मद्यपींची अनामिक संघटना, ‘ए.ए.’, भारतात 1957 मध्ये आली आणि महाराष्ट्रात ती तालुक्यांपर्यंत पोचली. तिचा बोर्ड मोठा नसतो, वर्गणी नसते, हजेरी नसते. जिल्ह्यातल्या अशा एका सभेला मी बसले. गाव सांगत नाही, तो तिथला नियम आहे.

शाळेचा वर्ग, रविवारची संध्याकाळ. बाकं भिंतीला सरकवून खुर्च्या गोलात. एक जण उठतो, फक्त पहिलं नाव सांगतो, मी मद्यपी आहे म्हणतो, बाकीचे त्याच नावाने नमस्कार करतात. मग तो बोलतो. मध्ये कोणी बोलायचं नाही, प्रश्न विचारायचा नाही, आणि सगळ्यात अवघड म्हणजे सल्ला द्यायचा नाही. मराठी माणसाला सल्ला न देता बसवणं हाच मोठा उपचार वाटला मला. गोलात ट्रॅक्टर चालवणारे होते, एक निवृत्त शिक्षक होते, द्राक्षाचे व्यापारी होते, आणि माजी सैनिक दोन. ते ओळखू येतात: खुर्चीत पाठ टेकवत नाहीत.

त्यांच्यातला एक बोलला तेव्हा घरच्या गोष्टी मराठीत आल्या आणि नोकरीतल्या आठवणी आपसूक हिंदीत गेल्या. जिथे जे घडलं तिथल्या भाषेत ते राहिलं होतं. काय बोलला ते लिहायचं नाही, पण बोलणं संपल्यावर चहाच्या वेळी घडलं ते सांगते. दुसरा सैनिक त्याच्याजवळ गेला आणि कोणती रेजिमेंट, कोणतं साल, एवढंच विचारलं. पाचेक मिनिटं दोघं नुसती ठिकाणांची नावं घेत होते. एकाने नाव घ्यायचं, दुसऱ्याने मान हलवायची. मघाच्या गोलात जे सुटलं नव्हतं, ते या चहात जरा सैल झालेलं दिसलं.

सैनिकांचा वेगळा गट असावा की सगळ्यांबरोबरच, यावर दोन्ही बाजूंनी बोलणारे भेटले. वेगळा असला तर रँक आडवी येते. सुभेदारसाहेब बसलेत आणि शिपाई बोलतोय की साहेब पितात, हे होत नाही. साहेब आधी बोलले तरच खालचे बोलतात. आणि साहेब शेवटपर्यंत बोलत नाहीत. मिश्र गटात रँक विरघळते, पण मग तिथली काही वाक्यं इतरांना कळतच नाहीत, आणि सांगणारा समजावून सांगायच्या भानगडीत न पडता गप्प होतो. माझा कौल मिश्र गटाला आणि नंतरच्या लांब चहाला.

सभा साडेसातला संपली. ट्रॅक्टरवाला घरी गेला, शिक्षक घरी गेले. सैनिकांपैकी एकाची मोटारसायकल मळ्याच्या वाटेला वळली.

येरवड्याचे पस्तीस दिवस

महाराष्ट्रात गट आणि निवास एकत्र बघायचे तर येरवड्याच्या मुक्तांगणचं नाव निघतंच. गर्दच्या व्यसनावर अनिल अवचटांनी लिहिलं, ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी देणगी देऊ केली, आणि 29 ऑगस्ट 1986 रोजी डॉ. अनिता अवचटांनी मनोरुग्णालयाच्या आवारात काम सुरू केलं. तिथली मुख्य युक्ती बिऑनच्या युक्तीची मराठी बहीण शोभेल: व्यसनातून बाहेर पडलेली माणसंच पुढच्यांचे समुपदेशक, आणि दिवस बांधलेला. पहाटे उठणं, व्यायाम, झाडलोट, गट, पुन्हा गट. नवीन आलेल्या सिव्हिलियनला हे जड जातं. फौजीला आठवडाभरात बरं वाटू लागतं, कारण शिट्टी आणि रांग त्याच्या अंगात असते. शिवाय बायकांसाठी ‘सहचरी’ गट आहे, आणि तोही तितकाच महत्त्वाचा, हे मेजरांच्या पत्नीचं बोलणं ऐकल्यावर वेगळं सांगायला नको.

पण मुक्काम साधारण पस्तीस दिवसांचा. त्यानंतर पाठपुराव्याच्या सभा वेगवेगळ्या शहरांत होतात, त्यांना जायचं. ज्याला परतायला घर आहे त्याला हे पुरतं. ज्याला चाळ आहे, तो छत्तिसाव्या दिवशी चाळीवर जातो, आणि तिथे कांदा असो नसो, एकांत असतोच.

पलीकडे, पुण्यातच, खडकीला याच्या उलट चित्र आहे. 1971 च्या युद्धानंतर, 1974 मध्ये तिथे पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर उभं राहिलं. मणक्याला गोळी लागून किंवा अपघाताने कमरेखाली लुळे झालेले सैनिक तिथे वर्षानुवर्षं राहतात, एकत्र जेवतात, चाकाच्या खुर्चीत बास्केटबॉल खेळतात, तोंडात कुंचला धरून चित्रं काढतात. त्यांच्या उपचाराला कोणी ‘गट’ असं नाव दिलेलं नाही, पण तिथला गट दिवसाचे चोवीस तास भरलेला असतो. ज्याची जखम क्ष-किरणात दिसते त्याला फौजेने घर दिलं, आणि चांगलं दिलं. ज्याची दिसत नाही त्याच्यासाठी खडकी नाही.

आणि फलाटावरच्यांसाठी कर्जत आहे. डॉ. भरत आणि स्मिता वाटवानी यांची श्रद्धा संस्था रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णांना आणते, औषधोपचार करते आणि गाव शोधून घरी पोचवते. 2018 मध्ये डॉ. वाटवानींना मॅगसेसे मिळाला तो याच कामासाठी. त्यांचा भर घरी पोचवण्यावर, आणि आपल्या देशात तो योग्यच. पण चाळीवरचा माणूस घरापासून पाचशे पावलांवर असतो. त्याला पोचवायचं कुठे?

भाड्याचं घर, चार माणसं

उत्तराच्या जवळ जाणारी गोष्ट चेन्नईच्या ‘द बनियन’ने केली. बरे झालेले पण घरी परत जाता न येणारे मनोरुग्ण, चार-पाच जणांनी मिळून साध्या वस्तीत भाड्याच्या घरात राहायचं, सोबतीला एक मदतनीस. स्वयंपाक, भाजी, भांडण, सगळं त्यांचं त्यांनी. महाराष्ट्रात रत्नागिरीकडेही त्यांनी अशी घरं केली. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या एकोणिसाव्या कलमाने तर समाजात राहण्याचा हक्कच दिला आहे: घरच्यांनी सोडलं किंवा घर नाही, एवढ्यासाठी कोणाला मनोरुग्णालयात ठेवता येत नाही, आणि राहायची सोय सरकारने करायची. शहरांसाठी लाख लोकवस्तीमागे एक रात्रनिवारा, हा दंडक आहे. लासलगाव लाखात बसत नाही. ते फक्त कांद्यात मोठं.

मेजरांपुढे मी हे सगळं मांडलं तेव्हा त्यांनी ते शिधा मोजल्यासारखं मोजलं. बाजाराच्या बाजूला दोन खोल्या आणि ओटा भाड्याने. चार माणसं, जास्त नाही, कारण पाचवा आला की दोन तट पडतात. चौघांत एक असा हवा, ज्याला दारू सोडून दोन-तीन वर्षं झालीत. तोच सेक्शन कमांडर, पण त्याला तसं म्हणायचं नाही. काम खळ्यावर मिळतं: काट्यावर वजनं लिहिणं, रात्रीचा पहारा, ट्रक भरताना मोजणी. फौजीला व्यापारी आवडीने घेतात, कारण तो वेळेवर येतो आणि चोरी करत नाही. लिलाव सकाळी असतात तेव्हा गट संध्याकाळी, आठवड्यातून दोनदा. पेन्शनचे निम्मे पैसे बायकोकडे थेट, ही पहिली अट. कॅन्टीनचं कार्ड सेक्शन कमांडरकडे, ही दुसरी.

कोणी घसरला तर? अमेरिकी पद्धतीत किल्ली काढून घेत नाहीत, हे मी सांगितलं. मेजर बराच वेळ बंदुकीच्या पट्ट्याशी चाळा करत राहिले. एक रात्र पिऊन आला तर ठेवू, म्हणाले, पण दुसऱ्या दिवशी गटात सगळ्यांसमोर बसेल. बाटली घरात आणली तर नाही. या एका मुद्द्यावर आमचं जमलं नाही, आणि अजूनही मला वाटतं की बाटली आणणाऱ्यालाच छपराची गरज जास्त असते.

मग आम्ही पुढच्या पोरांवर आलो. अग्निवीर म्हणून गेलेली पहिली मुलं डिसेंबर 2022 ते जानेवारी 2023 मध्ये प्रशिक्षणाला दाखल झाली, त्यांतली काही याच नाशिकरोडच्या केंद्रात. चार वर्षांनी फार तर पंचवीस टक्के आत राहतील, बाकीचे बाविशी-पंचविशीत हातात पावणेबारा लाखांच्या आसपास रक्कम घेऊन घरी. पेन्शन नाही. मेजरांना काळजी वाटते ती पैशांची नाही. एवढ्या पैशात ट्रॅक्टर येतो, म्हणाले. त्यांना काळजी वाटते ती ट्रॅक्टर घेऊन झाल्यावरच्या पहिल्या पावसाळ्याची. पंधरा वर्षांची नोकरी सुटली तर निदान पेन्शनच्या रांगेत महिन्याला चार जुने चेहरे भेटतात. यांना तीही रांग नाही.

दोन खोल्यांची जागा त्यांनी बघूनही ठेवली आहे, मालक माजी सैनिकाचाच भाऊ. भाडं पहिले सहा महिने तालुक्यातले निवृत्त फौजी वर्गणीतून देतील, असा त्यांचा अंदाज आहे; सातव्या महिन्याचं उत्तर त्यांच्याकडे नाही. मालकाची एकच अट आहे. दारावर कसलीही पाटी लावायची नाही: व्यसनमुक्तीची नाही, मनोरुग्णांची नाही, सैनिकांचीही नाही. शेजाऱ्यांनी विचारलं तर काय सांगायचं, ते मेजर अजून ठरवत आहेत.